‘हे’ कडकडीत करून घाल

शिरूर,
२८ जुलै २०२५

चि. सौ. सुलू,

तुझी आत्या ठणठणीत आहे, कान तेवढे रिटायर झालेत. परवा तू फोन केलास. सत्यजीतनं मोबाईल माझ्या कानाला लावला आणि मी आपलं ‘हो हो, बरं बरं’ म्हणत राहिले. नंतर तो म्हणाला, “आई, सुलू इचारत हुती, पाय दुखायचं राहिलं का. तू हो म्हनलीस.” पाय कसले राहतात! तेव्हा यापुढं फोन बंद, पत्र सुरू. कानाचं मशीन घेतलंय, पण ते घातलं की माणसाच्या आधी पंखाच ऐकू येतो, म्हणून ते खणात पडलंय.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. दुपारी टीव्हीवर ती मोठ्या टिकलीची बाई स्वयंपाक दाखवते ना, तो कार्यक्रम मी एक दिवस चुकवत नाही. मालिकेतल्या बायका कशापायी रडतात ते मला कळत नाही. पण कांदा लाल झाला, मसाल्याला तेल सुटलं, हे कळायला कान कशाला लागतात? आवाज बंदच ठेवते. सविता कामावर, सत्यजीत टेम्पोवर, हे शेवंतीच्या वाफ्यात. घरात मी आणि ती बाई. रोज नवीन काहीतरी करून बघायचं, या वयात याच्याइतकी मजा मला दुसऱ्या कशात येत नाही बघ.

पण बाई बोलते फार आणि दाखवते कमी. परवा तिनं भाजीच्या रश्शात बरणीतली पांढरी पूड चमचाभर कालवून घातली. मी म्हटलं, खायचा सोडा असणार. घातला. पातेलं असं फसफसून वर आलं की मी दोन पावलं मागं सरले. तरी वाढलं. हे जेवताना बोलत नाहीत, आणि बोलले तरी मला काय उपयोग? मी मिशीकडं बघते. मिशी हलत असली की समजायचं, जमलंय. त्या दिवशी मिशी पहिल्याच घासाला थांबली. पण माणूस मुकाट्यानं ताट संपवून उठला, हे मात्र सांगितलं पाहिजे.

तर तू एवढं कर. तुझ्या घरी तोच कार्यक्रम लागतो. तू ऐक आणि मला लिहून पाठव. कागद डब्याला टेकवून ठेवता येतो, पिठाचे हात पुसत बसावं लागत नाही.

तुझी,
सिंधूआत्या


कासुर्डी,
७ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

ते कॉर्नफ्लावर होतं! रस्सा दाट व्हायला घालतात. तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की गोकुळ कंपनीतून आला होता, तो चपला न काढताच आत आला. मामांना माझा साष्टांग नमस्कार सांग. सोड्याची भाजी संपवणारा माणूस साधा नसतो.

तुझी नोकरी मी आनंदानं धरली आहे. आता दुपारी टीव्हीसमोर वही-पेन घेऊन बसते. सासूबाई आधी म्हणाल्या, “सैपाक हाय का शाळा हाय ही?” पण आता त्याच मला गप्प बसवतात, “थांब, काय म्हनली ती बया? वाफ किती म्हनली?” कालची कोबीची वडी सोबत लिहिली आहे. ती बाई लिंबाचा रस म्हणते, पण सासूबाईंनी चिंचेचा कोळ घालून केली, तीच जास्त चांगली लागली. बाईला कोण सांगणार?

आता माझं काम. लग्नानंतरची ही माझी पहिलीच गौर. सासूबाईंनी सगळं आपल्याकडे घेतलंय, फक्त करंज्या मला दिल्यात. म्हणाल्या, “तुज्या म्हायेरच्या हातच्या खाऊ दे की आमास्नी.” आत्या, मला पुरणपोळीपासून पास्त्यापर्यंत सगळं करून झालंय, पण करंजी कधी केली नाही. घरात तूच करायचीस आणि आम्ही फक्त खायचो. टीव्हीवरची बाई म्हणते, पारी बाजारात तयार मिळते. तयार पारीची करंजी मी गौरीपुढं ठेवणार नाही. तुझी रीत लिही, काही गाळू नकोस.

तुझी,
सुलू


शिरूर,
१८ ऑगस्ट २०२५

सुलूबाई,

तुझ्या सासूबाईंना सांग, चिंचेची वडी मीही केली आणि मिशी सारखी हलत होती. वर एक वडी ओट्यावरून उचलताना ह्यांना पकडलं. हे आणि ओट्यावरून उचलणार! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा तर विश्वासच बसेना.

तू पत्रात गोकुळ, गोकुळ लिहितेस, ते वाचताना मलाच कसंतरी होतं गं. तुमचं बरं आहे. आमच्या जिभेला ते वळणच नाही, आणि हाताला तर त्याहून नाही.

करंजी. सारण तुला जमेल, खोबरं भाजताना फोनवर बोलू नकोस म्हणजे झालं. सगळा खेळ पारीचा. रवा आणि मैदा निम्मा निम्मा परातीत घे, मीठ चिमटीभर. भिजवायला दूध घे. पण पिठात आधी ‘हे’ कडकडीत करून घाल, चर्र वाजलं पाहिजे. मला वाजलेलं ऐकू येत नाही, पण बुडबुडे दिसतात. मग सगळ्या पिठाला चोळ. मुठीत दाबलं की मूठ राहिली पाहिजे. यात कंजुषी केलीस तर करंजी दगड होईल, आणि जास्त घातलंस तर तळताना उकलेल. मग दूध घालून घट्ट भिजव, ओल्या फडक्याखाली ठेव, आणि खूप कूट. घाई करायची नाही.

गौरीपुढं ठेवलीस की पहिली करंजी सासूबाईंच्या हातात दे. मी यावं असं फार वाटतं, पण इथंही गौर आहे.

आत्या


कासुर्डी,
४ सप्टेंबर २०२५

आत्या, आत्या, आत्या,

काय केलंस हे! मी तुझं पत्र डब्याला टेकवून, ओळीवर बोट ठेवून ठेवून केलं. ‘भिजवायला दूध घे. पण पिठात आधी हे कडकडीत करून घाल.’ हे म्हणजे काय? वर दूध लिहिलंय, म्हणजे दूधच. मी उकळतं दूध ओतलं. चर्र काही वाजलं नाही. म्हटलं, रवा बरा नसेल. पीठ परातीला असं चिकटलं की गोकुळनं उलथन्यानं खरवडून काढलं. तरी लाटल्या, भरल्या, तळल्या. दिसायला सुंदर होत्या. गौरी काही बोलल्या नाहीत. मग तू सांगितल्याप्रमाणे पहिली सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी चावली, परत चावली, मग हातात धरून ताटाच्या कडेवर आपटली. ताट वाजलं.

मी रडायला लागले. बायका जमलेल्या, माझी पहिली गौर, आणि माहेरचं नाव असं खणखणीत वाजलेलं. सासूबाई म्हणाल्या, “आण बघू तुज्या आत्याचं पत्र.” त्यांनी वाचलं, परत वाचलं, आणि विचारलं, “तुज्या आत्याच्या मालकाचं नाव काय गं?”

मी म्हटलं, “मोहनराव.”

“मंग!” म्हणाल्या, आणि हसत हसत खालीच बसल्या. “आगं येडे, मोहन घालायचं हुतं! कडकडीत तुपाचं मोहन! तिनं नवऱ्याचं नाव कसं लिवावं? म्हनून ‘हे’ लिवलं!”

आत्या, मग सगळ्याच बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, तिच्या सासूच्या मालकाचं नाव गुळाजी, तर ती जन्मभर गुळाला ‘गोड ढेप’ म्हणत आली. सासूबाईंनी स्वतः माझ्याबरोबर बसून दुसरा घाणा केला, आणि तो असा खुसखुशीत झाला की तुझ्या हातचाच. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी एवढ्या जवळ कधी बसलो नव्हतो. तेव्हा तुझ्या लाजेचे आभारच मानते. दगडांचा चुरा करून गोकुळनं दुधात भिजवून खाल्ला.

परवा टीव्हीवर ज्वारीच्या खाऱ्या पुऱ्या होत्या. ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, ओवा, तीळ, मीठ, तिखट आणि दोन चमचे ‘मामा’ कडकडीत. बघ, तुझ्यासाठी किती सांभाळून लिहिलंय!

तुझी,
सुलू


शिरूर,
१ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सुलक्षणा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला. बोटाला विळी लागल्यामुळे हे पत्र सविताकडून लिहून घेत आहे. जखम किरकोळ आहे, काळजी करू नये. तू पाठवलेल्या ज्वारीच्या पुऱ्या केल्या. मोहन बेताचे पडल्यामुळे छान खुसखुशीत झाल्या. सर्वांना आवडल्या. टीव्हीवरील पाककृती पाहणे चालू आहे. घरी सर्वांना नमस्कार.

तुझी आत्या,
सिंधूबाई


कासुर्डी,
७ ऑक्टोबर २०२५

सविता वहिनी,

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावानं लिहिते आहे. रागावून नाही, आधीच सांगते.

मागचं पत्र आत्यानं सांगितलेलं नाही, तुम्हीच मनानं लिहिलंय. ‘मोहन बेताचे पडल्यामुळे’ ही ओळ आत्याच्या तोंडून निघणं शक्य नाही. त्या एका शब्दापायी तिनं गौरीत माझ्या करंज्यांचे दगड केले, आणि आता तोच शब्द ती सुनेला सांगून लिहून घेईल? आणि ‘सर्वांना आवडल्या’ म्हणजे काय? मामांच्या मिशीचं काय झालं हे लिहिल्याशिवाय आत्याचं पत्र संपत नाही.

काय झालंय? तिला बरं नाही का? मला झोप नाही. सासूबाई तर म्हणतात, उद्याच गाडी काढून शिरूरला जा. खरं काय ते कळवा.

तुमची,
सुलक्षणा


शिरूर,
२६ ऑक्टोबर २०२५

सुलूताई,

तुम्ही पकडलंत. चूक माझीच, पण मी वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं. तुमचं पत्र आलं, आईंनी ते न उघडताच फ्रिजवर ठेवलं. ते तिथंच पडून राहिलेलं मला बघवेना. उत्तर गेलं नाही तर तुम्हाला काळजी लागेल, म्हणून मीच पुऱ्यांचं खोटं लिहिलं. तेव्हाच लगेच उत्तर द्यायला हवं होतं, पण कंपनीत दिवाळीआधी जादा काम होतं आणि मला धीरही होत नव्हता.

आई धडधाकट आहेत. त्यांचा स्वयंपाक बंद झालाय, एवढंच झालंय, आणि तेच सगळं झालंय.

गणपतीनंतर एका दुपारी त्यांनी डाळीचा कुकर लावला आणि त्या टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला. त्यांना काय कळणार? आबा शेवंतीत होते, त्यांनी तिथून शिट्ट्या ऐकल्या आणि पळत निघाले. ते दारात पोचले आणि कुकर उडाला. झाकण खिडकीतून बाहेर, डाळ सगळी छताला. आईंना साधा ओरखडासुद्धा नाही. धक्का जाणवला म्हणून त्यांनी मागं वळून बघितलं, तर आबा दारात खाली बसलेले.

त्या दिवसापासून यांनी आईंना गॅसजवळ जायला बंदी केली. सिलेंडरच्या कपाटाला कुलूप लावलं, त्याची चावी आता माझ्याकडे असते. सकाळी मी करून जाते, तेच दुपारी सगळे खातात. आईंनी यांच्याशी बोलणं बंद केलंय. दिवाळीत हे पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले. फराळ विकतचा आणला, त्याला हात लावला नाही. टीव्ही लावत नाहीत. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असतात. ताई, सासू स्वयंपाकघरात ढवळाढवळ करते म्हणून बायका कुरकुरतात. मला आमचं स्वयंपाकघर आता खायला उठतं.

आणि हे कुणाला सांगू नका. बंदी यांनी नाही घातली. आबांनी घातली. त्याच संध्याकाळी यांना बाजूला घेऊन म्हणाले, “तिला गॅसपाशी जाऊ दिऊ नगं. पर मी सांगितलं म्हनू नगं. माझ्यावर रुसली तर मला दुसरं कोण हाय?” म्हणून यांनी बोल आपल्यावर घेतला, आणि आता आईच्या तोंडून एक शब्द ऐकायला तरसतात.

मी काय करू ते तुम्हीच सांगा.

सविता


कासुर्डी,
१ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

भाचीनं मामांना शिकवू नये हे मला कळतं. तरी लिहिते. वाटलं तर पत्र फाडून टाका, पण आधी पुरतं वाचा.

सविता वहिनींवर रागावू नका. मीच खोदून विचारलं. तुम्ही घाबरलात यात काही चुकलं नाही. मी तिथं असते तर मीही घाबरले असते. पण तुमची भीती तुम्ही सत्यजीतदादाच्या नावावर खपवलीत, आणि आत्याला वाटतंय की पोटच्या पोरानं तिला अडगळीत टाकलं. तिला कान नाहीत, मामा. तिच्याकडे राहिलं होतं काय? एक ओटा, आणि त्यावर रोज नवीन काहीतरी करायची हौस. तुम्ही तिला वाचवायला गेलात आणि नेमकी तीच हौस बंद केलीत.

कुकर भंगारात द्या. डाळ पातेल्यातसुद्धा शिजते, झाकण थरथरलं की डोळ्यांना दिसतं. मी तिला इकडे घेऊन येऊ शकते, सासूबाई तर वाटच बघताहेत. पण तिला कासुर्डीचा ओटा नको असणार. तिला तिचा हवा असेल.

तुम्ही तिला खरं सांगा. ऐकू येत नाही तर लिहून द्या. तुम्ही कधी कुणाला पत्र लिहिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, पण ती वाचते, आणि नीट वाचते.

लहान तोंडी मोठा घास घेतला, क्षमा असावी.

तुमची,
सुलक्षणा


शिरूर,
१६ नोव्हेंबर २०२५

सुलू,

तू ह्यांना पत्र पाठवलंस. त्यांनी ते बंडीच्या खिशात चार-सहा दिवस ठेवलं, त्याच्या कडा मऊ पडेपर्यंत. मला दिसत होतं की काहीतरी शिजतंय, पण माझ्या घरात आता काही शिजत असलं तरी माझा संबंध काय, असं म्हणून मी तोंड फिरवून पडत होते.

गुरुवारी सत्यजीत आणि सविता दोघं घरात असताना हे समोर येऊन बसले. काहीतरी बोलले. ओठांवरून मला एवढंच कळलं की ‘मी’ आणि ‘पोरगं न्हाई’. मी म्हटलं, मोठ्यांदा बोला. मोठ्यांदा बोलले तर सत्यजीतच रडायला लागला. मग मला सगळं कळलं.

सुलू, मला इतका संताप आला म्हणून सांगू! एवढे दिवस मी पोटच्या पोराचं तोंड बघितलं नाही, दिवाळीत त्याच्या हातून पाय मागं ओढून घेतले, आणि दोष कुणाचा? मी सत्यजीतला जवळ घेतलं. एवढा टेम्पो चालवणारा गडी माझ्या मांडीवर डोकं ठेवून लेकरागत हुंदके देत होता. ह्यांच्याकडं मात्र बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सविता चावी ओट्यावर ठेवून कामावर गेली, ती मी हातात घेतली नाही. म्हटलं, ज्यानं काढून घेतली त्यानं द्यावी.

आज सकाळी हे आत आले. अंगात चांगला सदरा, जसं कुठं बाहेर निघालेत. माझ्या हातावर आधी चावी ठेवली आणि वर एक कागद. शेवंती विकल्याचा हिशेब लिहितात तसल्या पावतीचा पाठकोरा कागद, आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं. अक्षर म्हणशील तर पहिलीतल्या पोराचं. तुला जसंच्या तसं उतरवून देते:

“शिट्या ऐकून पळत आलो तवा तू पाठमोरी हुतीस. हाक मारली, तुला आली न्हाई. मला कुकरचं भ्या वाटलं न्हाई. तुज्याबिगर ऱ्हायाचं वाटलं.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, सुलू. ह्या माणसानं मला कधी बाजारात जाताना ‘येतो’ एवढंसुद्धा म्हटलं नाही. मला वाटायचं, कान गेले म्हणून माझं काही राहून जातंय. काही राहून गेलं नव्हतं, आत्तापर्यंत कुणी बोललंच नव्हतं.

मी तो कागद वाचला. घडी करून पोलक्यात ठेवला. हे उभेच, हातात टोपी धरून, मिशी अगदी थांबलेली. माझे डोळे भरून आले होते, आणि ते दिसू द्यायचे नव्हते. मग मी कुलूप काढून गॅस पेटवला, कांद्याची टोपली त्यांच्यापुढं सरकवली आणि म्हटलं, “नुसतं उभं काय ऱ्हाताय? चिरा.”

बसलेत चिरत. एवढाले मोठे तुकडे करताहेत, आणि मी काही म्हणत नाही.

तुझी,
आत्या